कीवर्डचं टूल कोणतं घ्यावं? आधी त्याचा काटा तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. धायरीत तुम्ही आणि आई मिळून थालीपीठ भाजणी, चकली भाजणी, उपवासाची भाजणी, मेतकूट आणि अनारशाचं पीठ करून विकता. वेबसाइट दीड वर्षापूर्वी केलीत, अर्धी मराठीत, अर्धी इंग्रजीत. दिवाळीला परदेशातही पार्सलं जातात. लोक गूगलवर कोणते शब्द (कीवर्ड) किती वेळा शोधतात याचे अंदाज देणारं टूल घ्यायचं, तर कुणी एचरेफ्स घ्या म्हणतं, कुणी सेमरश, कुणी उबरसजेस्ट. वर्षाला पंधरा हजारांच्या वर खर्च करायचा नाही. आणि एकच शब्द तीन टूलच्या मोफत खात्यांत टाकला तर तीन वेगळे आकडे आले. यातला खरा कोणता, आणि घ्यायचं कोणतं?

तीन आकडे पाहून तुम्ही थांबलात, हे फार चांगलं केलंत. बहुतेकजण पहिल्या टूलचा पहिला आकडा धरतात, त्यावर वर्षभराचे लेख ठरवतात आणि मग "एसइओनं काही होत नाही" असं म्हणतात. एसइओ म्हणजे गूगलच्या निकालांत साइट वर आणायचं काम. मी चौदा वर्षं पुण्यात हे काम करते आहे. माझ्याकडे येणारे निम्म्याहून जास्त छोटे व्यावसायिक याच वळणावर अडलेले असतात. त्यांना वाटतं, प्रश्न "कोणतं टूल चांगलं" हा आहे. माझ्या मते प्रश्न असा आहे: माझ्या मालाला, माझ्या भाषेत, माझ्या गावात या टूलचा आकडा किती विश्वासाचा आहे? हे ज्याचं त्यानं तपासायचं असतं, आणि ते फुकटात तपासता येतं.

आधी आकडे वेगळे का येतात ते पाहू. कोण काय शोधतं हे पूर्णपणे फक्त गूगलला माहीत आहे. एके काळी साइटवर आलेला माणूस कोणता शब्द टाइप करून आला हे साइटच्या मालकाला सरळ दिसायचं. 2011 साली गूगलनं ते झाकायला सुरुवात केली आणि 2013 मध्ये जवळपास सगळंच झाकलं. बाहेरची सगळी टूल्स अंदाजावरच चालतात. अंदाज मुख्यतः दोन गोष्टींवर बेतलेला असतो. एक म्हणजे गूगलचाच जाहिरातदारांसाठीचा कीवर्ड प्लॅनर. दुसरी म्हणजे क्लिकस्ट्रीम, म्हणजे काही लोकांच्या ब्राउझरमधून गोळा झालेली वावराची नोंद. जानेवारी 2020 मध्ये जंपशॉट नावाची अशी नोंद विकणारी मोठी कंपनी बंद झाली, तेव्हा तिच्यावर विसंबलेल्या टूलवाल्यांना आपली गणितं नव्यानं मांडावी लागली. हा डोलारा किती उसन्या पायांवर उभा आहे ते तेव्हा मला नीट कळलं.

आता यात मराठी कुठे बसते ते बघा. अशा नोंदीत इंग्रजी शोध भरपूर, हिंदी त्याहून कमी, आणि देवनागरीत "उपवासाची भाजणी" टाइप करणारा माणूस अगदीच विरळा. नमुनाच इतका लहान असला की त्यावरून काढलेला अंदाज भरकटणारच. त्यामुळे इंग्रजी शब्दांना जे टूल बऱ्यापैकी जवळ जातं तेच मराठी शब्दाला शून्य दाखवतं. त्या शून्याचा अर्थ "माझ्या नोंदीत नाही" एवढाच असतो. गूगलनं स्वतः वर्षानुवर्षं सांगितलंय की रोज होणाऱ्या शोधांपैकी सुमारे 15 टक्के आधी कधीच न झालेले असतात. ते कुठल्याच यादीत नसणार.

मग काटा तपासायचा कसा? दुकानातला काटा बरोबर आहे का हे पाहायचं असेल तर त्यावर आपल्याला माहीत असलेलं वजन ठेवतात. तुमच्याकडे अशी वजनं आहेत. ती सर्च कन्सोलमध्ये आहेत.

सर्च कन्सोल हे साइटच्या मालकांसाठीचं गूगलचं मोफत टूल आहे आणि त्यात तुमच्या साइटची मागच्या 16 महिन्यांची नोंद असते: कोणत्या शब्दाला तुमचं पान किती वेळा दिसलं, किती क्लिक झाले, सरासरी क्रमांक काय. तुमची साइट दीड वर्षाची आहे, म्हणजे ती तेव्हाच सर्च कन्सोलला जोडली असेल तर मागची दिवाळी त्यात आहे. आता असे पंधरा-वीस शब्द निवडा ज्यांना तुमचा सरासरी क्रमांक पूर्ण महिनाभर पहिल्या पाचाच्या आत होता. तुम्ही पहिल्या पानावर ठाण मांडून बसला असाल तर तुमचं दिसणं आणि त्या शब्दाचे एकूण शोध जवळपास सारखेच असतात, कारण शोधणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला तुम्ही दिसलेलेच असता. हे तुमचं माहीत असलेलं वजन. देशाच्या फिल्टरमध्ये भारत निवडा, कारण टूलमधला आकडाही देशाचाच असतो. मग तेच शब्द प्रत्येक टूलच्या मोफत किंवा चाचणी खात्यात टाका आणि शेजारी लिहा. गूगल शीटमध्ये वीस ओळी, चार रकाने. एका संध्याकाळचं काम आहे.

आकडे जुळतील अशी अपेक्षा धरू नका. दोन गोष्टी बघा. पहिली, क्रम बरोबर आहे का: तुमच्याकडे ज्या शब्दाला जास्त शोध आहेत त्याला टूलही जास्त दाखवतं का? दुसरी, चूक एकाच दिशेची आहे का? सगळीकडे निम्मे दाखवणारं टूल चालतं, आपण दुप्पट धरू. इथे दहापट जास्त आणि तिथे शून्य दाखवणारं टूल तुमच्या मालाला निरुपयोगी आहे, मग ते जगात कितीही नावाजलेलं असो. मराठी आणि इंग्रजी ओळींचा हिशेब वेगवेगळा करा. माझ्या बहुतेक ग्राहकांच्या शीटमध्ये इंग्रजी ओळी बऱ्या निघतात आणि देवनागरीच्या ओळींत गोंधळ असतो. तुमच्याकडे काय निघेल हे तुमच्या मालावर आहे.

या चाचणीच्या काही मर्यादा आहेत. दोन-तीन महिन्यांत काही डझन लोकांनीही जो शब्द शोधला नाही, तो गूगल खासगीपणासाठी सर्च कन्सोलमध्ये दाखवत नाही. छोट्या मराठी साइटवर हा झाकलेला भाग बराच मोठा असतो. म्हणून वरच्या एकूण बेरजेशी खालच्या यादीची बेरीज जुळली नाही तर गोंधळू नका. शिवाय सप्टेंबर 2025 मध्ये गूगलनं एका पानावर शंभर निकाल मागवण्याची सोय बंद केली. ती सोय वापरून क्रमांक तपासणाऱ्या यंत्रांमुळे जी खोटी दिसणी मोजली जात होती ती त्यानंतर बऱ्याच साइट्सची खाली आली. त्याआधीचे आणि नंतरचे महिने एकमेकांशी ताडून पाहू नका. पहिल्या पाचातलेच शब्द घ्या म्हटलं त्याचं हेही एक कारण आहे, कारण ती खोटी दिसणी मुख्यतः मागच्या पानांवरची होती.

सर्च कन्सोल देशापर्यंतच थांबतं, शहर सांगत नाही. तुमची घरपोच डिलिव्हरी पुणे आणि पिंपरी-चिंचवडपुरती आहे, म्हणून तुम्हाला शहराचाही आकडा हवा. कीवर्ड प्लॅनरमध्ये पुणे निवडता येतं, पण जाहिरातीवर खर्च न करणाऱ्या खात्याला तो "100 ते 1 हजार" असे ढोबळ पल्लेच दाखवतो. एकशेदहा आणि नऊशे एकाच खान्यात. शिवाय जवळचे शब्द एकत्र मोजतो. आणि त्यातला "स्पर्धा" हा रकाना जाहिरातदारांच्या स्पर्धेचा आहे, तुमच्या साइटला वर यायला किती अवघड जाईल याचा त्याच्याशी संबंध नाही. हा गैरसमज मी दर महिन्याला कुणाच्या ना कुणाच्या शीटमध्ये पाहते.

इथे मी एक गोष्ट करते जी फार कमी लोक करतात. पाच-सहा महत्त्वाच्या शब्दांवर दोन आठवडे छोटी जाहिरात चालवते. शब्द "एक्झॅक्ट मॅच"वर (म्हणजे तोच किंवा त्याच अर्थाचा शोध झाला तरच जाहिरात दिसते), ठिकाण पुणे. ठिकाणाच्या पर्यायांत "तिथे असलेले लोक" एवढंच निवडायचं, नाहीतर पुण्याबद्दल रस असलेला नागपूरचा माणूसही त्यात येतो. डिस्प्ले आणि सर्च पार्टनर, म्हणजे इतर साइट्सवर जाहिरात दाखवायचे पर्याय, बंद. मग रिपोर्टमध्ये दोन रकाने बघायचे: जाहिरात किती वेळा दिसली आणि इंप्रेशन शेअर किती, म्हणजे दिसू शकली असती त्यातल्या किती टक्के वेळा ती दिसली. समजा जाहिरात 90 वेळा दिसली आणि शेअर 60 टक्के आहे, तर जाहिरात दिसू शकली असती असे शोध साधारण 150 झाले. हा आकडा थेट गूगलकडचा आणि थेट पुण्याचा. कोणतंही विकतचं टूल तो देत नाही. पैसे क्लिकचे जातात, दोन-तीन हजारांत भागतं, आणि त्यात दोन-चार ऑर्डरी आल्या तर तेही काही वाया गेलं नाही. तुमच्या पंधरा हजारांतला पहिला खर्च मी इथेच करीन.

आता हंगाम. तुमच्या धंद्यात हाच सगळ्यात मोठा खड्डा आहे, आणि टूलच्या आकड्यांत तो झाकला जातो. टूल जो आकडा ठळक दाखवतं तो सहसा बारा महिन्यांची सरासरी असतो. एखादा शब्द दिवाळीच्या दोन महिन्यांत सहाशे-सहाशे वेळा शोधला आणि एरवी कुणी विचारलाही नाही, तर सरासरी 100 दिसेल. दुसरा शब्द बाराही महिने शंभर-शंभर वेळा शोधला तरी आकडा 100च. पहिला म्हणजे चकली भाजणी, दुसरा म्हणजे थालीपीठ भाजणी. आकडा एकच असला तरी दोघांची तयारी, साठा, पान वर आणायची वेळ सगळं वेगळं.

त्यातही दिवाळी इंग्रजी महिन्याला बांधलेली नाही. लक्ष्मीपूजन 2024 मध्ये 1 नोव्हेंबरला होतं, 2025 मध्ये 21 ऑक्टोबरला, आणि यंदा 2026 मध्ये 8 नोव्हेंबरला आहे. टूल "मागच्या ऑक्टोबरपेक्षा मागणी घटली" असं दाखवेल आणि तुम्ही घाबराल, पण मागणी नुसती दोन-अडीच आठवडे पुढे सरकलेली असेल. ती पुढे सरकली कारण यंदा अधिक महिना आहे.

आणि अधिक महिना म्हटलं की तुमचं अनारशाचं पीठ आलं. यंदा 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ आहे. धोंड्याच्या महिन्यात जावयाला तेहेतीस अनारशांचं वाण देण्याची पद्धत अजून कितीतरी घरांत पाळतात, आणि घरी तांदूळ तीन दिवस भिजवून, पाणी बदलत बसायला सगळ्यांना वेळ नसतो. ही मागणी साधारण तीन वर्षांनी एकदा येते. बारा महिन्यांच्या सरासरीला ती कळूच शकत नाही, कारण मागच्या बारा महिन्यांत अधिक महिनाच नव्हता. इथे गूगल ट्रेंड्स कामी येतं. ते मोफत आहे, 2004 पासूनची नोंद देतं, आणि आकडे 0 ते 100 असे सापेक्ष असले तरी चढउतार दिसतो. "अनारसे" टाकून महाराष्ट्र निवडा आणि तीन तुकडे नीट बघा: मे-जून 2018, सप्टेंबर-ऑक्टोबर 2020, जुलै-ऑगस्ट 2023. हे मागचे तीन अधिक महिने. तुमच्या आईला यातलं सगळं आधीच ठाऊक असेल. ट्रेंड्समध्ये फक्त किती आणि किती दिवस आधी हे दिसेल.

उपवासाच्या भाजणीचंही तसंच. महाशिवरात्र, आषाढी, श्रावण, नवरात्र अशा चार उड्या. पंचांग शेजारी घेऊन बसल्याशिवाय मराठी खाद्यपदार्थांचं कीवर्डचं काम करू नये असं माझं ठाम मत आहे.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर सर्च कन्सोलचे वीस शब्द घेऊन टूलचा काटा तपासायचा, पुण्याचा आकडा छोट्या जाहिरातीतून काढायचा, आणि सरासरीऐवजी महिन्यागणिक आकडे पंचांगाशी लावून बघायचे. पण हे सगळं झालं मोजण्याबद्दल. मोजायचे शब्द आणायचे कुठून, हा भाग मला याहून महत्त्वाचा वाटतो.

2017 मध्ये भोसरीतल्या एका वर्कशॉपचं काम माझ्याकडे होतं. मी टूलमधून मोठ्या आकड्यांचे शब्द काढले, त्यात "सीएनसी मशीन" (संगणकानं चालणारं धातू कापायचं यंत्र) हा राजा. सहा महिने त्यावर मेहनत केली. साइटवर माणसं आली, पण ती होती मशीन विकत घ्यायला निघालेली किंवा कोर्स शोधणारी मुलं. काम देणारा एकही नाही. शेवटी वर्कशॉपच्या मालकांनी त्यांचा व्हॉट्सअ‍ॅप उघडून माझ्यासमोर धरला. येणारी प्रत्येक चौकशी अशी होती: "व्हीएमसी जॉब वर्क होईल का, भोसरी किंवा चाकण," आणि सोबत ड्रॉइंग. व्हीएमसी हे त्याच जातीचं यंत्र, आणि जॉब वर्क म्हणजे गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगवरून भाग करून देणं. हे शब्द टूलमध्ये टाकले तर "माहिती उपलब्ध नाही". आम्ही त्या शब्दांची पानं केली आणि पहिल्या दोन महिन्यांत चार ड्रॉइंग आली. मालकांचे सहा महिने माझ्यामुळे गेले याची रुखरुख अजून आहे. तेव्हापासून टूल उघडण्याआधी मी ग्राहकाचा फोन मागते.

तुमच्याकडेही हेच करा. मागच्या दिवाळीचे व्हॉट्सअ‍ॅपचे सगळे संवाद वाचून काढा आणि लोकांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा, सुधारून नाही. "चकली तेलात विरघळते, भाजणीत काय कमी पडलं?" "चकलीला काटाच येत नाही." "किलोला मोहन किती घालू?" "पीठ फ्रिजमध्ये ठेवायचं का?" आणि अनारशाबद्दल तर हमखास एक वाक्य येणार: "अनारसा हसला." पुण्यामुंबईत कढईत पसरून मोडलेल्या अनारशाला बायका हेच म्हणतात. हा शब्द कुठलंही टूल तुम्हाला सुचवणार नाही, कारण त्याला हसणं आणि अनारसा यांचा संबंधच माहीत नाही. पण रात्री अकरा वाजता कढईसमोर उभी असलेली बाई फोनवर बोलून हेच शोधते. गूगलवर मराठीत बोलून शोधता येऊ लागलं ते 2017 पासून, आणि माझ्या ग्राहकांच्या सर्च कन्सोलमध्ये तेव्हापासून अशी पूर्ण वाक्यं वाढत गेलेली मी पाहिली आहेत. त्या बाईला जे पान उत्तर देईल त्याच पानावरून ती पुढच्या वेळी पीठ मागवेल.

मग ही वाक्यं गूगलच्या शोधखान्यात अर्धीच टाइप करा आणि खाली काय सुचतं ते बघा. "लोक हेही विचारतात" हा चौकोन उघडून बघा. तुमचं गूगल बिझनेस प्रोफाइल (गूगल मॅप्सवर दिसणारी धंद्याची नोंद) असेल तर त्यातही लोक कोणते शब्द टाकून आले याची यादी असते, बारीक आकड्यांना ती "15 पेक्षा कमी" म्हणते, पण शब्द दाखवते. मला आकड्यापेक्षा ते शब्दच हवे असतात.

लेखनाच्या तऱ्हाही वहीत मांडा. थालीपीठ, थालिपीठ, थालपीठ. मेतकूट, मेतकुट. अनारसे, अनरसे. शिवाय हेच सगळं इंग्रजी लिपीत: भाजणीच्या स्पेलिंगमध्ये मध्ये एक "ए" की दोन, शेवटी "आय" की दोन "ई". टूल या प्रत्येकाला वेगळा शब्द समजतं आणि प्रत्येकासमोर चिमूटभर आकडा ठेवतं, म्हणून माल किरकोळ वाटतो. सगळ्यांची बेरीज करा आणि पान एकच ठेवा. प्रत्येक स्पेलिंगला वेगळं पान करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. गूगल या तऱ्हा बऱ्यापैकी ओळखतो, आणि सारखीच दहा पानं एकमेकांचेच पाय ओढतात.

टूलमधल्या "डिफिकल्टी", म्हणजे एखाद्या शब्दावर वर यायला किती अवघड, या आकड्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढे अडाल म्हणून सांगते. एचरेफ्सचा हा आकडा पहिल्या दहा पानांना किती वेगवेगळ्या साइट्सनी लिंक दिल्या आहेत यावरून निघतो. मराठीत एकमेकांना लिंक देण्याची सवयच कमी. त्यामुळे मराठी शब्दांचा हा आकडा अगदी खाली दिसतो आणि वाटतं की रान मोकळं आहे. प्रत्यक्षात निकालांचं पान उघडलं तर वर यूट्यूबचे व्हिडिओ आणि मोठ्या रेसिपी साइट्स. "चकली भाजणी" शोधणाऱ्या बहुतेकांना प्रमाण हवं असतं, तयार पीठ नको असतं. त्या शब्दावर तुमचं खरेदीचं पान टिकायचं नाही. तिथे "आमच्या तयार भाजणीची चकली, मोहन आणि पाण्याच्या प्रमाणासह" असं कृतीचं पान चालेल, आणि खरेदीचं पान "चकली भाजणी ऑनलाइन", "चकली भाजणी पुणे घरपोच" अशा शब्दांवर. हा निर्णय टूल घेत नाही. निकालांचं पान पाच मिनिटं डोळ्यांनी बघितलं की आपल्यालाच घेता येतो.

परदेशी पार्सलांची गोष्ट निराळी. तिथे शब्द इंग्रजीत आहेत, स्पर्धक मोठे आहेत आणि विकतच्या टूलचा उपयोग खरोखर होतो. फक्त देश निवडताना विचार करा. "दिवाळी फराळ अमेरिकेला पाठवणे" हे शोधणारी आई बहुधा कोथरूडला बसलेली असते, म्हणून हा शब्द भारताच्या यादीत बघायचा. न्यू जर्सीतला मुलगा स्वतः मागवतो तेव्हा तो अमेरिकेच्या यादीत सापडतो आणि त्याचे शब्द वेगळे असतात. एकच देश बघून ठरवलंत तर अर्धा ग्राहक दिसणारच नाही.

आता थेट उत्तर. तुमच्या जागी मी असते तर वर्षाचं सबस्क्रिप्शन कशाचंच घेतलं नसतं. एचरेफ्स आणि सेमरशचे मुख्य प्लॅन महिन्याला 100 डॉलरच्या वर आहेत, म्हणजे एकाच महिन्यात तुमचं बहुतेक बजेट जातं. घ्यायचंच तर जुलैमध्ये एक महिन्यासाठी घ्या, आधी वहीत सव्वाशे-दीडशे शब्द जमवून, कामाची यादी हातात ठेवून. परदेशी फराळाच्या स्पर्धकांची कोणती पानं चालतात, त्यांना कुठून लिंक आल्या, हे सगळं उतरवून घ्या आणि महिना संपायच्या आत बंद करा. लिंक आणि स्पर्धकांच्या पानांसाठी मला एचरेफ्स जास्त हाताळायला बरं वाटतं. जाहिरातीही गंभीरपणे करणार असाल तर सेमरश. दोन्हींतला फरक तुमच्या कामाला निर्णायक नाही. वीस ओळींच्या शीटमध्ये ज्याचा क्रम बरोबर आला ते घ्या. तुमच्या स्वतःच्या साइटसाठी एचरेफ्सचं वेबमास्टर टूल्स मोफत आहे, ते आजच जोडा.

उबरसजेस्टसारखी स्वस्त टूल्स वाईट नाहीत, इंग्रजी शब्दांच्या कल्पना सुचवायला बरी आहेत. पण मराठी आकड्यांसाठी त्यांच्यावर पैसे घालण्याआधी शीट बघाच. ब्राउझरला जोडायचं कीवर्ड्स एव्हरीव्हेअर हे क्रेडिटवर चालतं, थोडं थोडं वापरणाऱ्याला ते परवडतं. चॅटजीपीटीला महिन्याचे शोध किती हे विचारू नका. त्याच्याकडे मोजमाप नसतं, ते शोभेलसा आकडा देतं. जमवलेल्या दीडशे शब्दांचे गट पाडायला मात्र ते उत्तम मदत करतं.

आणि एक विनंती. कुणीतरी तुम्हाला "ग्रुप बाय" सुचवेल, म्हणजे महिना तीन-चारशे रुपयांत एकाच खात्यात पन्नासजण. घेऊ नका. कंपनीच्या अटींत ते बसत नाही, खातं कधीही बंद पडतं, आणि तुम्ही काय शोधताय हे त्याच खात्यातल्या अनोळखी लोकांना दिसतं. आईनं हातानं उभा केलेला धंदा आहे, त्याची माहिती अशी उघड्यावर ठेवू नका.

सगळ्यात आधी अनारशाचं पान. अधिक महिना 17 मेला लागतो, आणि नव्या पानाला गूगलमध्ये जागा धरायला वेळ लागतो, म्हणून ते मार्चच्या आत चढवा. मराठीत लिहा. पीठ किती दिवस टिकतं, किलोत किती अनारसे होतात, वाणाच्या तेहेतीसांसाठी किती पीठ लागेल, आणि अनारसा हसला तर काय करायचं, हे आईला विचारून तिच्याच शब्दांत उतरवा. वीस ओळींची शीट तयार झाली की आकडे इथेच टाका, कोणतं टूल ठेवायचं ते आपण ओळीओळीनं बघू.